विहिरीवरची कमिटी

मन्सूर अत्तारला राग लवकर येतो, हे आकुर्डीच्या माळावरच्या पंपांच्या कारखान्यात शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून १९७० साली त्याला मशीनशॉपमधून उचलून ट्रेनिंग ऑफिसर केलं, तेव्हा शॉपमधल्या लोकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. मन्सूरला मात्र ती बढती वाटली. नवं टेबल, खिडकीजवळची खुर्ची, दारावर नावाची पाटी. त्याची बायको फरीदा, तिने त्या दिवशी शीरखुर्मा केला. ईद नव्हती, तरी केला.

मन्सूरच्या वडिलांचं, अजीजभाईंचं, मुंबई-पुणे रस्त्यावर चिंचवडला मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. राहायला सगळे काळेवाडीत. पोराचे हात आपल्यासारखे ग्रीसने काळे होऊ नयेत म्हणून अजीजभाईंनी त्याला पुण्याच्या तंत्रनिकेतनात घातलं. बासष्ट साली तो डिप्लोमा घेऊन बाहेर पडला आणि दोन वर्षांत या कारखान्यात लागला. पहिल्याच दिवशी त्याने मायक्रोमीटर उलटा धरला आणि सगळा शॉप पोट धरून हसला. कॉलेजात त्याने वाफेच्या इंजिनाची चित्रं काढून काढून बोटं झिजवली होती. इथे कारखान्यात वाफ दिसायची ती फक्त कॅन्टीनच्या चहावर. आपण तीन वर्षं नेमकं काय शिकलो, हा प्रश्न त्याला पुढे कित्येक महिने पडत राहिला. पुढच्या पोरांवर ही पाळी येऊ नये, असं त्याला मनापासून वाटे. ट्रेनिंग ऑफिसरची जागा त्याने आनंदाने घेतली ती याचमुळे.

कंपनीने त्याच तंत्रनिकेतनाशी करार केला होता. पोरांनी सहा महिने कॉलेजात शिकायचं, सहा महिने कारखान्यात. कारखान्याच्या अडचणी कॉलेजने सोडवायच्या, कॉलेजच्या पोरांना कारखान्याने तयार करायचं. हार झाले, फोटो झाले, भाषणं झाली. कंपनीतर्फे वर्क्स मॅनेजर उद्धवराव, कॉलेजतर्फे प्राचार्य लक्ष्मणराव. उद्धवराव गोड बोलून वेळ मारून नेणारे. लक्ष्मणराव नियमाला धरून चालणारे, इतके की नियम नसेल तर ते चालतच नसत. आणि या दोघांच्या मध्ये मन्सूर.

पहिली तुकडी एकाहत्तरच्या जुलैत आली. इस्त्रीचे शर्ट घातलेली पोरं सकाळी सातला गेटवर हजर. गेटवरच्या पहारेकऱ्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. त्याने पोरांना बाहेरच्या कडुनिंबाखाली बसवलं. मन्सूरला पत्ता लागला तो जेवणाच्या सुट्टीत. तोवर दोघे-तिघे कंटाळून घरी गेले होते. मन्सूर पहारेकऱ्यावर ओरडला, टाइम ऑफिसवर ओरडला आणि तसाच तणतणत उद्धवरावांच्या केबिनमध्ये शिरला.

"अरे मन्सूर, बस, चहा घे," उद्धवराव म्हणाले. "आली का पोरं? छान. कुठे तरी बसव त्यांना. कुणाच्या पायात येणार नाहीत असं बघ."

"साहेब, ती बसायला आली नाहीत. शिकायला आलीत."

"तेच म्हणतोय मी. बसून शिकू देत की."

मशीनशॉपमध्ये कोंडाजी होता. युनियनचा माणूस, मूळचा मावळातला, आवाज असा की लेथ चालू असतानाही ऐकू यावा. पोरं लेथजवळ गेली तसा तो आडवा आला. "लांबनं बघा. हात लावायचा न्हाई. आज ही पोरं फुकटात मशिन चालवत्यात, उद्या कंपनी म्हनंल, मग तुमी कशाला पायजे? आमी काय खुळं हाय व्हय?"

मन्सूरने त्याला खूप समजावलं. कोंडाजीचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही, त्यामुळे मन्सूरचा राग आणखी वाढला. शेवटी पोरं स्टोअरमध्ये गेली आणि सहा महिने नटबोल्ट वेगळे करत बसली. मध्ये दिल्लीहून कुणी पाहुणे येणार होते, तेव्हा रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावायला त्यांनाच पाठवलं. मन्सूरने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. संध्याकाळी घरी जेवायला बसला तेव्हा भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"चुना लावला," तो म्हणाला.

"कुणी, कुणाला?" फरीदाने विचारलं.

"पोरांनी दगडांना. कंपनीने पोरांना. आणि मी कॉलेजला लिहून दिलं की प्रशिक्षण समाधानकारक चाललंय."

"मग लिहून कशाला दिलंत?"

मन्सूरने मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. मीठ बरोबर होतं.

कंपनी आणि कॉलेज यांची एक संयुक्त कमिटी होती. ती दर दोन-तीन महिन्यांनी बसे. बसे म्हणजे शब्दशः बसेच. बटाटेवडे येत, चहा येई, मागच्या बैठकीत काय ठरलं ते वाचलं जाई आणि मागच्या बैठकीत पुढच्या बैठकीची तारीख ठरली होती, एवढंच त्यातून निघे. मन्सूर दरवेळी तेच तीन मुद्दे मांडी. अभ्यासक्रमातलं वाफेचं इंजिन काढा. पोरांना खरं काम द्या. कॉलेजच्या मास्तरांनी महिन्यातून एकदा तरी कारखान्यात पाऊल टाकावं. लक्ष्मणराव चष्मा पुसत म्हणत, "अभ्यासक्रम बोर्ड ठरवतं, अत्तार. मी नाही." उद्धवराव म्हणत, "विचार करू." आणि विचाराचं घोंगडं तसंच भिजत पडे.

एकदा कमिटीने खरंच एक काम केलं. कंपनीने आपला एक जुना लेथ कॉलेजला भेट दिला. लेथला झेंडूच्या माळा घातल्या, ट्रकमधून वाजतगाजत नेला. कॉलेजच्या वर्कशॉपचं दार लेथपेक्षा अरुंद निघालं. दार फोडायला बांधकाम खात्याची परवानगी हवी. परवानगी येईपर्यंत लेथ व्हरांड्यात. पुढे दार रुंद झालं, तर वर्कशॉपमध्ये त्या लेथला लागणारं विजेचं कनेक्शन नाही. मन्सूर एकदा तिकडे गेला तेव्हा व्हरांड्यातच पडलेल्या लेथवर ताडपत्री होती, ताडपत्रीवर शिपायाने धोतर वाळत घातलं होतं.

"लक्ष्मणराव, हे काय?"

"कनेक्शनसाठी अर्ज केलाय. पण काय हो, जागा फार अडते त्याने. परत नाही का नेता येणार?"

मन्सूर बाहेर पडला आणि शिवाजीनगर स्टेशनपर्यंत चालत गेला. बसमध्ये बसला असता तर कंडक्टरशी भांडण झालं असतं, असं त्याने नंतर फरीदाला सांगितलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नद्या आटल्या, विहिरी तळाला गेल्या. लोकांनी विहिरी आणखी खोल खणल्या आणि खालून जे पाणी आलं ते निम्मं गाळ, निम्मी रेती. आकुर्डीच्या कारखान्यात पंप परत यायला लागले. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे चरबी लावलेली दोरी घट्ट गुंडाळलेली असते, आत हवा जाऊ नये म्हणून. तिला ग्लँड पॅकिंग म्हणतात. रेतीने ती दोरी आठवड्याभरात खाल्ली जाई, पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागे आणि शेतकरी पंप बैलगाडीत टाकून कंपनीच्या दारात आणे. परत आलेल्या पंपांचा ढीग शेडबाहेर येऊन पोचला.

कंपनीने परदेशातल्या भागीदार कंपनीला कळवलं. तिकडून उत्तर आलं: हे पंप स्वच्छ पाण्यासाठी आहेत, कृपया स्वच्छ पाणी वापरावं.

उद्धवरावांनी ते मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. मन्सूर उठून उभा राहिला.

"साहेब, हे काम आपल्या पोरांना द्या. त्र्याहत्तरची तुकडी येतीय. नटबोल्ट वेगळे करण्यापेक्षा हे करू देत."

"पोरांना?" उद्धवरावांनी भुवया उचलल्या.

"करारात लिहिलंय, कारखान्याच्या अडचणी कॉलेजने सोडवायच्या. आजवर एक तरी अडचण आपण त्यांच्याकडे पाठवली का? उलट आपण त्यांना नवीन अडचण पाठवली, ती अजून व्हरांड्यात पडलीय."

लक्ष्मणरावांचे कान लाल झाले. उद्धवरावांना मात्र तो ढीग रोज खिडकीतून दिसत होता. ते म्हणाले, "कर. पण खर्च नको आणि गोंधळ नको."

त्या तुकडीतली दोघं मन्सूरने निवडली. एक बीडकडचा किसन. त्याच्या गावाकडे प्यायला पाणी नव्हतं, त्यामुळे पंपाचं नाव काढलं की तो कान टवकारून ऐके. दुसरी पिंपळे गुरवची सुमन काटे. मेकॅनिकलच्या वर्गात ती एकटीच मुलगी. ती कारखान्यात यायची म्हटल्यावर कंपनीचं नवीन फर्मान निघालं, की शॉपमध्ये बायकांसाठी संडास नाही, सबब तिला शॉपमध्ये घेता येत नाही. मन्सूर म्हणाला, बांधा. कंपनीवाले म्हणाले, एका मुलीसाठी? सुमनने ते ऐकलं. ती म्हणाली, "सर, भांडत बसू नका. काम कुठे करायचं तेवढं सांगा."

पण नेमकं तेच कुणाला सांगता येईना. पंप गढूळ पाण्यात चालवून बघायचा तर तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यायला हवा. कंपनी म्हणाली, नवा पंप एक्साइजचा कर भरल्याशिवाय गेटबाहेर जात नाही, आणि विकला गेल्याशिवाय एक्साइज भरत नाहीत. मन्सूरने परत आलेल्या ढिगातला एक मागितला. तो ग्राहकाचा आहे, म्हणाले. मग त्याने स्वतःच्या ओळखीवर कुठून तरी एक पंप मिळवला आणि लक्ष्मणरावांकडे गेला. लक्ष्मणरावांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या पन्हळीकडे प्रेमाने पाहिलं.

"या पाण्यात चिखल घालायचा?"

"चिखलाचाच प्रयोग आहे, सर."

"छे, छे. ही पन्हळ जर्मनीहून आलीय. हिच्यातून आजवर नळाच्या पाण्याशिवाय काही गेलेलं नाही."

राहिला कारखाना. तिथे कोंडाजी होताच. "पोरांनी बघावं. हात लावायचा न्हाई."

म्हणजे कंपनी पंप बाहेर सोडायची नाही, कॉलेज चिखल आत घ्यायचं नाही आणि पोरांनी हात लावायचा नाही. मन्सूर त्या रात्री जेवायलाच बसेना. फरीदा त्याच्यासमोर ताट ठेवून बसली.

"पंप कुठे असतो?" तिने विचारलं.

"कारखान्यात."

"आणि विकल्यावर?"

"विहिरीवर."

"मग विहिरीवर जा. ताथवड्याच्या दौलतरावांचा पंप दोनदा परत आलाय म्हणून तुम्हीच सांगत होतात. ते काही एक्साइज मागायचे नाहीत."

मन्सूरने ताट पुढे ओढलं.

दौलतरावांची विहीर गावाबाहेर होती. पंप याच कंपनीचा, डिझेल इंजिनावर चालणारा. दौलतरावांनी मन्सूरला बघितलं आणि आधी कंपनीच्या नावाने तोंडसुख घेऊन घेतलं. मन्सूरने सगळं ऐकून घेतलं. एरवी त्याने एवढं ऐकलं नसतं, पण प्रत्येक शब्द खरा होता.

"आता काय, फोटू काढाया आलाय?" दौलतराव म्हणाले.

"नाही. ही दोघं पंप नीट करून बघणार आहेत."

"ही पोर?"

"व्हय, मी," सुमन म्हणाली, आणि विहिरीच्या पायऱ्या उतरू लागली.

जानेवारी संपत आला होता. दोघं सायकलवर यायची. किसन पिंपरीत खोली करून राहत होता, सुमन घरून डबा घेऊन यायची. मन्सूर ड्यूटी संपवून स्कूटरवर यायचा. त्यांनी दोऱ्या बदलून पाहिल्या, दोरीत शिसं घालून पाहिलं, ग्रीस बदललं. दोरी आठवडा टिके, कधी दोन दिवस जास्त. मग सुमनच्या डोक्यात आलं, की रेती अडवायच्या नादी न लागता दोरीजवळ स्वच्छ पाणी पोचवावं. पंपातून वर जाणाऱ्या पाण्याला जोर असतो. त्यातलं थोडंसं वळवून एका भांड्यात घ्यायचं, रेती भांड्याच्या तळाशी बसेल, वरचं निवळ पाणी बारीक नळीने दोरीपाशी जाईल. ते सतत आतून दाबत राहिलं की गाळाला तिथे शिरायला जागाच उरणार नाही.

भांडं म्हणून त्यांनी रंगाचा रिकामा डबा घेतला. किसनने झाकण डांबराने पक्कं केलं. इंजिन सुरू झालं, पाणी डब्यात शिरलं, डबा एकदा फुगला आणि फुटला. दौलतराव शेजारीच वाकून बघत होते. त्यांच्या पागोट्यापासून वहाणांपर्यंत चिखल झाला. किसन दौलतरावांच्या बैलगाडीमागे लपला. सुमन पदराने त्यांचं तोंड पुसायला धावली आणि हसू आवरेना म्हणून पुन्हा मागे फिरली.

"हसा, हसा," दौलतराव म्हणाले. "पर उद्या लोखंडाचं आना."

लोखंडाचं भांडं अजीजभाईंच्या दुकानात झालं. जाड पाइपचा हातभर तुकडा, दोन्ही तोंडं वेल्डिंगने बंद, खाली गाळ सोडायला तोटी. वेल्डिंग करतानाही अजीजभाईंचं तोंड चालूच होतं. "एवढा शिकवला, साहेब केला, आणि फिरून माझ्याच दारात. काय रे, तुझ्या कंपनीत वेल्डिंगची मशिनं नाहीत?"

"आहेत, अब्बा."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही करा."

नवं भांडं बसवलं. पहिला आठवडा गेला. दोरी शाबूत. मार्च गेला, एप्रिलचं ऊन लागलं, दौलतरावांच्या विहिरीतल्या गाळात आता चवीपुरतंच पाणी उरलं होतं, तरी पंप हवा ओढत नव्हता. आतला पंखा रेतीने झिजत होताच, त्याला या भांड्याचा उपाय नव्हता, आणि सुमनने अहवालात तसं स्वच्छ लिहिलं. पण दोरी टिकली होती. शेजारच्या मळ्यातले लोक बघायला येऊ लागले. मन्सूरला वाटलं, आता तरी झालं.

झालं कुठलं! एप्रिलच्या शेवटी लक्ष्मणरावांनी फळ्यावर नावं लावली: खालील विद्यार्थ्यांची हजेरी भरत नसल्याने त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. त्यात सुमन काटे आणि किसन.

मन्सूर दुसऱ्या दिवशी कॉलेजात होता. "हजेरी कशी नाही? तीन महिने पोरं उन्हात उभी होती."

"कुठे?"

"विहिरीवर."

"विहीर म्हणजे कारखाना नव्हे, अत्तार. नियमात 'कारखान्यात' असं म्हटलंय. कंपनीने लिहून द्यावं की ही दोघं कंपनीत हजर होती."

मन्सूर आकुर्डीला परत आला. टाइम ऑफिस म्हणालं, गेटवर त्यांची नोंद नाही. जी माणसं गेटातून आत आली नाहीत ती हजर होती असं कसं लिहिणार?

"अहो, तुम्हीच त्यांना आत येऊ दिलं नाहीत!"

"म्हणूनच नोंद नाही ना."

मन्सूरने समोरचा पेपरवेट उचलला. फेकला नाही, पुन्हा खाली ठेवला, पण इतक्या जोरात ठेवला की टेबलाची काच तडकली.

संध्याकाळी सुमन आणि किसन त्याच्या घरी आली. नापास होऊन बीडला परत जाणं म्हणजे काय, हे किसनच्या तोंडावर दिसत होतं. बोलली ती सुमन. "सर, तुम्ही म्हणालात म्हणून आम्ही गेलो. आता तुमच्याकडे उपाय आहे का नाही ते सांगा. नसेल तर नाही म्हणा."

फरीदाने त्यांना चहा दिला आणि मन्सूरकडे बघितलं. तो म्हणाला, "परवा कमिटीची बैठक आहे. तुम्ही दोघं सकाळी विहिरीवर या."

बैठकीच्या दिवशी मन्सूरने बटाटेवडे सांगितले नाहीत. कंपनीची जीप काढली, दोन्ही साहेबांना बसवलं आणि म्हणाला, आजची बैठक ताथवड्याला. उद्धवरावांना वाटलं, कुठे तरी शेतावर जेवण आहे. लक्ष्मणराव पांढरे बूट घालून आले होते. विहिरीपर्यंतची वाट दौलतरावांनी आदल्या दिवशी पाणी सोडून भिजवलेली होती. मुद्दाम की कसं, कुणी विचारलं नाही.

इंजिन चालू झालं. पाणी गढूळ, लालसर. सुमनने दोरीपाशी हात धरून दाखवलं, हवा कुठेच आत ओढली जात नव्हती. किसनने खालची तोटी उघडली, भांड्यातून भसकन रेती बाहेर आली, लक्ष्मणरावांच्या बुटांपुढे तिचा छोटा ढीग झाला. त्यांनी बूट मागे घेतले नाहीत, वाकून रेती बोटांत घेतली. खूप वर्षांनी त्यांनी प्रयोगशाळेबाहेर काहीतरी हातात घेतलं असेल. "किती काळ टिकली म्हणालात दोरी?" त्यांनी विचारलं. सुमनने सांगितलं. "हं," ते म्हणाले. मग एकदम आठवण झाल्यासारखे, "पण हजेरीचं काय?"

मन्सूर भडकला. "साहेब, तुमच्या दोघांत मिळून या पोरांना उभं राहायला वीतभर जागा नाही! तुम्ही म्हणता कारखान्यात या, ते म्हणतात गेटबाहेर थांबा. नटबोल्ट वेगळे करणारी पोरं हजर, दगडाला चुना लावणारी हजर, आणि जी खरं काम करत होती ती गैरहजर! मग हा करार कशाला केला? फोटो काढायला? एक तर आज इथे यांची हजेरी लागेल, नाही तर मी हे भांडं काढून पवनेच्या पात्रात टाकतो आणि उद्यापासून तुमच्या कमिटीत वडे वाढायला दुसरा माणूस बघा."

"भांडं नगा टाकू," दौलतराव घाबरून म्हणाले. "माझा ऊस हाय."

उद्धवराव इतका वेळ त्या पाइपच्या तुकड्याकडे बघत होते आणि मन्सूरला कळत होतं, त्यांना त्यात काय दिसतंय. शेडबाहेरचा ढीग नाहीसा झालेला दिसतोय.

"असं करू," उद्धवराव गोड आवाजात म्हणाले. "ही विहीर म्हणजे कंपनीचं चाचणी केंद्र. तसं मी लिहून देतो. मागच्या तारखेपासून. म्हणजे इथे असणं म्हणजे कंपनीत असणं. काय लक्ष्मणराव?"

लक्ष्मणरावांनी विचार केला. "कंपनीने लेखी दिलं तर नियमात बसतं."

तीन महिन्यांचं रामायण एका वाक्यात मिटलं. मन्सूरला हायसं वाटायला हवं होतं. त्याला वाटलं, हेच वाक्य जानेवारीत म्हणायला काय झालं होतं?

पोरं परीक्षेला बसली, वाफेच्या इंजिनाची चित्रं काढली आणि पास झाली. पावसाळ्यानंतर कंपनीने प्रत्येक पंपाबरोबर ते भांडं द्यायला सुरुवात केली. निळा रंग, वर कंपनीचा शिक्का. जाहिरातीत लिहिलं: आमच्या चाचणी केंद्रातील तज्ज्ञांनी विकसित केलेले. सुमन ती जाहिरात घेऊन मन्सूरच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"तज्ज्ञ कोण, सर?"

मन्सूर उद्धवरावांकडे गेला. उद्धवराव म्हणाले, "अरे, चाचणी केंद्र कंपनीचं. मग त्यातून जे निघालं ते कुणाचं? तूच तर हजेरी मागितलीस." मन्सूर परत आला तेव्हा सुमन तिथेच होती. तिने जाहिरात त्याच्या टेबलावर ठेवली आणि गेली. किसनला कंपनीने नोकरी दिली. सुमनलाही देऊ केली, पण संडास अजून झाला नव्हता. ती तंत्रनिकेतनात शिकवायला लागली.

पुढच्या काळात फरक पडला तो हळूहळू आणि ज्याचं त्याला कळण्याआधी. लक्ष्मणराव निवृत्त होण्याआधी बोर्डाशी भांडले आणि वाफेचं इंजिन अभ्यासक्रमातून निम्मं तरी गेलं. दरवर्षी कंपनी एक अडचण कॉलेजकडे पाठवू लागली, कारण ढीग लागला की काय होतं ते तिने पाहिलं होतं. कोंडाजीने युनियनतर्फे अट घातली, की पोरांना हात लावू द्या, पण माणूस कमी करणार नाही असं लिहून द्या. कंपनीने लिहून दिलं. मग तोच पोरांना लेथवर उभं करून शिव्या घालत शिकवू लागला. कमिटीत बटाटेवडे चालूच राहिले. मन्सूर तेच तीन मुद्दे मांडत राहिला. पुढे पुढे त्यातले दोन झाले तरी त्याची चिडचिड काही कमी झाली नाही. फरीदा म्हणे, "आता काय राहिलं?" तो म्हणे, "पंधरा मिनिटांचं काम होतं, दहा वर्षं लावली, हे राहिलं."

एक्याऐंशी साली सुमनताई स्वतःच्या पोरांची तुकडी घेऊन कमिटीत बसली होती. त्या वर्षीची अडचण होती विहिरीतल्या शेवाळाने पंपाची जाळी तुंबण्याची, आणि तिच्या पोरांनी सहज उघडून साफ होईल अशी नवी जाळी केली होती. उद्धवरावांनी हात पुढे केला. सुमनताईने जाळीच्या आराखड्यांच्या गुंडाळीवर आपला हात ठेवला.

"आधी ठरवा. पोरांची नावं छापणार का?"

"नावं कसली? ही परंपरा नाही," उद्धवराव म्हणाले.

"तर मग मी ही जाळी भोसरीला घेऊन जाते. तिथे पंपवाले आणखी आहेत."

सगळ्यांनी मन्सूरकडे बघितलं. दोन्हीकडचं ऐकून मार्ग काढणं हे त्याचं काम होतं. यावेळी त्याने मार्ग काढला नाही. "सुमनताई बरोबर बोलतायत," तो म्हणाला आणि वडा उचलला. "मी त्र्याहत्तर साली बोलायला हवं होतं ते त्या आता बोलल्या. साहेब, छापा."

महिन्याभराने छापील पत्रक आलं. पहिल्या पानावर जाळीचं चित्र. शेवटच्या पानावर तळाशी कमिटीच्या सगळ्या सदस्यांची नावं ठळक अक्षरात, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात तिघा विद्यार्थ्यांची. त्यात शहाजादी नावाची मुलगी होती. तिचं 'शहाजी' करून टाकलेलं.

सुमनताई फोनवर म्हणाली, "जाऊ द्या सर, यंदा एवढं तरी झालं."

"जाऊ द्या काय!" मन्सूर ओरडला. त्याने फोन आपटला, पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला आणि पोरीचं नाव चुकवलं म्हणून तणतणत, पुन्हा छापून घ्यायला छापखान्याच्या दिशेने निघाला. त्याच्या पाठीमागे मशीनशॉपमधले लोक एकमेकांकडे बघून हसले, आणि त्या हसण्यात कोंडाजीचा आवाज सगळ्यांत मोठा होता: "अत्तारसाहेब, मोठ्या अक्षरात घाला म्हनावं पोरीचं नाव!"